मायलो कॉलेजला गेला!

मंडळी, पंक म्हणजे नुसता आरडाओरडा असं घरात कुणी म्हणत असेल, तर 'डिसेंडंट्स' या कॅलिफोर्नियाच्या बँडचा १९८२चा 'मायलो गोज टू कॉलेज' लावा. १५ गाणी, सगळी मिळून २२ मिनिटं! वेग पंकचाच, पण चाली गुणगुणता येतील अशा. इतरांपेक्षा वयाने बराच मोठा असलेला टोनी लोंबार्डो बास गिटारवर नुसता ठेका धरत नाही, स्वतःची वेगळी चाल वाजवतो. मला तर आधी तीच ऐकू येते.

नाव थट्टेतलं नाही. गायक मायलो ऑकरमन खरंच जीवशास्त्र शिकायला निघाला होता. मुखपृष्ठावर त्याचंच चष्मा लावलेलं व्यंगचित्र. पहिलाच पूर्ण अल्बम, आणि त्यातच निरोप! ड्रमर बिल स्टीव्हन्सन 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये गेला. १९८५ला नव्या अल्बमसाठी मायलो परतला, पण १९८७नंतर पुन्हा अभ्यास, पीएचडी, पुढे ड्युपाँटमध्ये वनस्पतींवर संशोधन. बाकीच्यांनी 'ऑल' या नावाने बँड चालू ठेवला. १९९६ला 'एव्हरीथिंग सक्स' केला, तरी प्रयोगशाळा सुटली नाही. ती सुटली २०१६च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर.

"आधी शिक्षण, मग गाणं" हे घरोघरचं वाक्य याने अक्षरशः पाळलं; मध्ये फक्त तीसेक वर्षं गेली.

एकदोन गाण्यांतले शब्द तेव्हाही वाईट होते, आज तर ऐकवत नाहीत. तेव्हा आजी-आजोबांसमोर हेडफोन लावा, आणि सुरुवात 'सबर्बन होम'पासून करा.