खासदाराला एक पत्र लिहा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती आहे. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहा आणि तिथल्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी मागणी करा. पासपोर्ट अजून भारतीय असला तरी मागे राहू नका. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांनाही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. मतदार यादीत नाव मात्र हवं.

मागणी जुनीच आहे. 2010 च्या समानता कायद्यात वंशाच्या व्याख्येत रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ हे सगळं आलं, जात आली नाही. ती पुढे घालायची मुभा तेवढी मंत्र्यांना दिली गेली. त्याच वर्षी सरकारनेच करून घेतलेल्या पाहणीत नोकरीत आणि सेवा देताना जातीवरून छळ झाल्याचे दाखले मिळाले. मग मार्च 2013 मध्ये माजी बिशप लॉर्ड हॅरिस यांची दुरुस्ती लॉर्ड्स सभागृहाने 256 विरुद्ध 153 मतांनी मंजूर केली. कॉमन्सने ती फेटाळली. लॉर्ड्सनी एप्रिलमध्ये पुन्हा हट्ट धरला, आणि अखेर सरकार नमलं. जातीचा समावेश करणं मंत्र्यांवर बंधनकारक झालं. तरीही तो झाला नाही. जुलै 2018 मध्ये सरकारने सांगितलं की न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत, हे बंधनच आम्ही काढून टाकू.

निकाल पुरेसे नाहीत. एका भारतीय घरकामगार बाईंच्या खटल्यात 2014 मध्ये अपील न्यायाधिकरण म्हणालं की जातीची काही प्रकरणं वांशिक मुळाच्या कक्षेत येऊ शकतात. म्हणजे ज्याला त्रास झाला, त्यानेच आधी आपलं प्रकरण त्या कक्षेत बसतं हे वकील लावून सिद्ध करायचं, आणि मग त्रासाची कहाणी सांगायची. हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या माणसाला हे कसं झेपावं?

काही हिंदू संघटनांचा या तरतुदीला विरोध आहे. सगळ्या समाजावर शिक्का बसेल, मुलांना शाळेत जात विचारली जाईल, ही त्यांची भीती मी हलकी मानत नाही. पण भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्यासाठी कुणालाही आपली जात जाहीर करावी लागत नाही, आणि त्याचं संरक्षण कुठल्याही जातीच्या माणसाला मिळतं. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये जात हा शब्द पहिल्यापासून आहे. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. तिथे आपण पाहुण्यांना अभिमानाने नेतो. मग त्याच शहरातल्या पार्लमेंटकडे हे मागायला संकोच कशाला?

पत्र छोटं लिहा, स्वतःच्या शब्दांत लिहा. नाव आणि पोस्टकोडसह पूर्ण पत्ता घाला, कारण खासदार आपल्याच मतदारसंघातल्या लोकांच्या कामात लक्ष घालतो. 2013 च्या बंधनाचं काय झालं, हे थेट विचारा. मोघम उत्तर आलं तर त्यांच्या भेटीच्या वेळी समोर जाऊन बसा.

आणि कामावर तुमच्याशी किंवा शेजारच्या खोलीतल्या पोराशी जातीवरून कुणी वाईट वागलं, तर कायदा बदलेपर्यंत थांबू नका. तारखा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. दाव्याची मुदत थोड्या महिन्यांचीच असते, म्हणून लगेच युनियनकडे, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडे किंवा कामाच्या ठिकाणच्या तंट्यांत मदत करणाऱ्या एकास (Acas) या संस्थेकडे जा. तो पोरगा एकटा जायला घाबरत असेल, तर सोबत जा.