हिशेबपट्टी पोरांच्या हाती द्या

यंदा माल विकून घरी आलात की एक करा. खिशातली हिशेबपट्टी फडताळात कोंबू नका. घरातल्या सहावी-सातवीच्या पोराच्या नाहीतर पोरीच्या हाती द्या आणि म्हणा, "बघ बरं, बरोबर आहे का?" बहुतेक घरांत पोर गप्प बसेल. शाळेत दशांश अपूर्णांकाची पानंच्या पानं सोडवणारं पोर बापाच्या पट्टीपुढं अडतं. कारण पुस्तकातलं गणित आणि घरातला हिशेब एकच, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

समजा, तुमचा कांदा 18 क्विंटल 60 किलो भरला. भाव 1450 रुपये. पट्टीवर वजन 18.60 असं पाहिजे. लिहिणाऱ्याच्या घाईत 18.06 पडलं. म्हणजे 60 किलोचे झाले 6 किलो! 26,970 रुपयांच्या जागी हाती आले 26,187. एक शून्य सरकलं आणि 783 रुपये गेले. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही, पण नुकसान मात्र आपलंच.

हीच गोष्ट सातबाऱ्याची. क्षेत्र 1.08 लिहिलंय म्हणजे 1 हेक्टर 8 आर, सुमारे 2 एकर 27 गुंठे. तेच 1.80 असेल तर 1 हेक्टर 80 आर, म्हणजे जवळजवळ साडेचार एकर. कागदावर फरक शून्याच्या जागेचा, बांधावर फरक पावणेदोन एकरांहून जास्त. वाटणीच्या वेळी भावाभावांत यावरून तोंडं फिरतात. घरात कुणाला ते टिंब वाचता येत असतं, तर निम्मी भांडणं ओट्यावरच मिटली असती.

आपल्या आज्यापणज्यांना हिशेब येत नव्हता का? चांगला येत होता. जुन्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सव्वासहाशे भावानं अडीच क्विंटलचे किती, हे जुना माणूस बोटावर सांगायचा. पण तोंडी हिशेब पक्का असला तरी कागद वाचता येत नव्हता, तिथं घात झाला. विद्येवाचून शेतकऱ्याची कशी लूट होते, हे महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये 1883 सालीच मांडलं होतं. आज उलटं झालंय. पोरांना अक्षर येतं, आकडा येतो, पण तोंडी अंदाज गेला. दोन्ही एकत्र आले पाहिजेत. वरच्याच पट्टीत बघा. 18 क्विंटलचे 26,100 झाले. 60 किलो म्हणजे अर्ध्या क्विंटलच्या वर, तेव्हा आणखी सव्वासातशेपेक्षा जास्त हवेतच. पट्टीत वर नुसते 87 रुपये दिसले की पोरानं तिथंच म्हणावं, "आबा, काहीतरी चुकलंय."

आता व्याजाचं. गावात कुणी म्हणतं, "तीन टक्क्यानं देतो." दुसरीकडं कर्जाचा दर बारा टक्के सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, तीनच बरे. अहो, ते तीन महिन्याचे आहेत! 20,000 रुपयांना महिन्याला 600, वर्षाला 7,200. बारा टक्के वर्षाचे असतील तर त्याच रकमेला 2,400. सरळव्याज शाळेत शिकवतात, पण "दर कशाचा, महिन्याचा की वर्षाचा?" हा एक प्रश्न पोराच्या तोंडी बसला, तर ते शिकवणं वसूल झालं.

खताचंही तसंच. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची होती, 2018 पासून ती 45 किलोची झाली. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे एका गोणीत पावणेएकवीस किलोच्या आसपास. "एकरी दोन गोण्या" असं जुन्या अंदाजानं टाकणाऱ्यानं हा गुणाकार एकदा करून बघावा.

आणि पाऊस? 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. 25 मिलिमीटर पडला तर एका एकरावर लाखभर लिटर पाणी आलं, दहा हजार लिटरचे दहा टँकर! शाळेच्या अंगणात सरळ उभ्या कडांचं भांडं ठेवून पट्टीनं मोजलं, तरी हे पोरांना कळतं. मग बांधबंदिस्ती कशाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कुणी म्हणेल, गुरुजींना आधीच कामं काय कमी आहेत? खरं आहे. म्हणून नवा विषय नको, नवं पुस्तक नको. शिकवायचं तेच, उदाहरणं तेवढी गावातली घ्यायची. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना विनंती, की येत्या ग्रामसभेत एवढा विषय घ्या. आठवड्याला एक तास आणि पाच कागद: हिशेबपट्टी, सातबारा, वीजबिल, कर्जाचा खातेउतारा आणि बचतगटाची वही. नावं झाकून झेरॉक्स काढा, म्हणजे कुणाच्या घरची गोष्ट चावडीवर यायची नाही. कागद आणायचं काम पालकांचं, शिकवायचं गुरुजींचं.

पोरींना यातून वगळू नका. उद्या घरचा व्यवहार तिच्याही हाती असणार आहे.

गणितात पोर पहिलं आलं नाही तरी चालेल. पण आपल्या बापाच्या घामाचा हिशेब त्याला करता आला पाहिजे. ही पट्टी आजच त्याच्यापुढं ठेवा. चुकलं तर हसू नका, शेजारी बसा. कदाचित तुम्हालाही त्यात एखादं सरकलेलं शून्य सापडेल.