मुलांचा घसा आणि ऊसतोडीचा हंगाम

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. थंडीच्या याच महिन्यांत लहान मुलांचे घसे वरचेवर दुखतात. घसा दुखण्यात विशेष ते काय, असे आपण म्हणाल. आम्ही शेतीखात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना जे दिसते ते लिहिणे भाग आहे.

सर्दी, खोकला आणि सोबत घसा दुखत असेल तर आजार बहुधा विषाणूचा. तो आठवडाभरात आपोआप उतरतो. त्यावर अँटिबायोटिक देणे म्हणजे मावा पडला असता बुरशीनाशक फवारणे. परंतु सर्दी-खोकला नाही, एकदम ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखरे अवधाण आणि मूल पाच ते पंधरा वर्षांचे, असे असेल तर स्ट्रेप्टोकोकस जंतूची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे. ते औषध सहसा दहा दिवसांचे देतात. आपल्याकडे ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बाटली कोनाड्यात जाते! हरळी वरवर खुरपली तर काय होते ते आपणास ठाऊकच आहे. उपचार अर्धवट राहिले तर काही मुलांना दोन-चार आठवड्यांनी सांधे सुजवणारा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही कित्येक वर्षे. उसाच्या फडावर ते कोण देणार?

गळ्यातल्या गाठीचे निराळे. वाटाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी गाठ घसा बरा झाल्यावरही काही दिवस राहते, तिला घाबरू नये. मात्र दोन आठवडे उलटूनही गाठ उतरत नाही, वाढतेच आहे, पोर वाळत चालले आहे, तर गंडमाळ म्हणजे गाठीचा क्षय नाही ना, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. लेप, डाग यांत वेळ दवडू नये. क्षयाची औषधे मोफत आहेत, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा हजार रुपये मिळतात.

आता गावकारभाऱ्यांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन मुले तपासते. संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकारही त्या तपासणीत बघितला जातो, पुढचे उपचार मोफत. योजना चांगली आहे. पण पथक जानेवारीत आले तर टोळीबरोबर गेलेले पोर हजेरीपटावर असते, वर्गात नसते. ज्याला तपासणीची गरज जास्त, तेच सुटते. बीडसारख्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची ही दरसालची गत आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापकांनी टोळ्यांच्या गावी पथक दसऱ्याआधी यावे, असे पत्र पावसाळ्यातच द्यावे. ज्या मुलात दोष निघेल त्याची चिठ्ठी आईजवळ असावी, आणि इंजेक्शनची तारीख मुकादमाच्या वहीतही लिहून द्यावी. टोळी कोणत्या कारखान्यावर आहे हे नेमके त्यालाच ठाऊक असते.