पारोसा मोती

आमच्या घरी रविवार उजाडायचा तो मोतीच्या केविलवाण्या सुराने. मोती म्हणजे आमचा पांढराशुभ्र पॉमेरेनियन. न्हाणीघरात बादली आपटल्याचा आवाज झाला, की स्वारी दिवाणाखाली! मग मी त्याला ओढून काढणार, मुलगी पाय धरणार आणि आमच्याच अंगाच्या साबणाने त्याला फेस येईपर्यंत घासले जाणार. हा सोहळा आम्ही तीन वर्षे न चुकता पार पाडला. त्यामागे आईची अट होती. मोती घरात आला त्याच दिवशी तिने बजावले होते, ‘‘पारोसं जनावर मी स्वयंपाकघरात फिरकू देणार नाही. आठवड्याला आंघोळ झालीच पाहिजे.’’ अट वाजवी होती, निदान तेव्हा तरी वाटली.

मग एका पावसाळ्यात मोती खाजवू लागला. अंगाला कुबट वास येऊ लागला. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून दाखवला. आम्ही ओशाळलो आणि आठवड्याला दोन आंघोळी सुरू केल्या, पाण्यात जंतुनाशकाचे झाकणभर औषधही घालू लागलो. वास वाढतच गेला. एका रात्री कसल्याशा चावण्याच्या आवाजाने जाग आली. दिवा लावला तर मोती स्वतःचीच मांडी कुरतडत होता. तळहाताएवढी जागा केस जाऊन लालबुंद झाली होती, तिच्यातून लस वाहत होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. ‘‘आंघोळ कितीदा?’’ आणि ‘‘साबण कोणता?’’ दोन्ही उत्तरे मी अभिमानाने दिली. ते म्हणाले, ‘‘याला दुसरं काही झालेलं नाही. तुमच्या स्वच्छतेनं झालंय हे.’’

त्या दिवशी मला जे समजले, ते कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक हवे. आपली कातडी आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण साडेपाच. कुत्र्याची कातडी त्या मानाने उदासीन, सातच्या आसपासची. शिवाय तिचा बाहेरचा पापुद्रा आपल्याहून पुष्कळ पातळ. म्हणजे माणसाचा साबण, शाम्पू त्याला सोसणारा नव्हेच. आपल्यासारखे त्याचे अंग घामाने निथळत नाही; घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. उकाडा तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. त्यामुळे ‘घामेजला असेल बिचारा’ म्हणून आंघोळ घालण्यात अर्थ नाही. उलट त्याच्या कातडीतून जे तेल पाझरते, तेच त्याचे खरे कवच. आम्ही ते दर रविवारी धुऊन काढत होतो.

त्यातून पॉमेरेनियनला केसांचे दोन थर. वरचे लांब, आतले लोकरीसारखे दाट. वरून टॉवेल फिरवला की कुत्रा कोरडा दिसतो. पण मुळाशी ओल राहते. पावसाळी हवेत त्या ओलीवर जंतू आणि बुरशी पोसली जाते. वास तिचाच असतो. आम्ही वासावर उपाय म्हणून पाणी ओतत होतो आणि पाण्यातूनच वास उगवत होता.

मग आंघोळ घालावी तरी कितीदा? निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुरे. आपल्या मराठवाड्यातल्या कारवानसारख्या तोकड्या केसांच्या कुत्र्याला त्याहूनही कमी चालते. १८६६ साली स्थापन झालेली अमेरिकेतील एएसपीसीए ही प्राणिदया संस्था तर तीन महिन्यांतून किमान एकदा, एवढेच सांगते. चिखलात लोळून आला तर धुवावेच लागणार, हे उघड आहे. त्वचारोग असेल तर डॉक्टर औषधी शाम्पूने आठवड्यालाही आंघोळ सांगतात, तेव्हा फेस दहा मिनिटे अंगावर ठेवायचा असतो. तो उपचार झाला. आंघोळीने गोचिडी जातात, हाही एक गैरसमजच. त्यांच्यासाठी मानेवर सोडायचे थेंब मिळतात, आणि ते घातल्यावर दोन दिवस आंघोळ टाळायची असते.

खरे म्हणजे रोज हवी असते ती फणी. गळलेले केस, धूळ, कोंडा तिने निघतो, गोचीड असेल तर हाताला लागते आणि तेलही अंगभर पसरते. पण फणीला रोजची दहा मिनिटे द्यावी लागतात. आठवड्याची आंघोळ एकदा उरकली की आपण मोकळे! मला वाटते, आमचे चुकले ते इथे. सोवळे-ओवळे आमचे, शेजाऱ्यांची भीड आमची, उरकण्याची घाईही आमचीच. आणि त्या सगळ्याची किंमत मोजली एका मुक्या जिवाने. दर रविवारी तो दिवाणाखाली शिरून आपल्या परीने सांगतच होता. ‘त्याला काय कळतंय’ म्हणत आम्ही त्याला ओढून काढत होतो.

मोतीची मांडी भरून यायला दोन महिने लागले. आईला हे सारे कसे पटवावे, या विचारात मी होतो. पण ती त्या रात्री उठून त्याच्याजवळ बसली होती, तिला काही सांगावे लागले नाही. आता रोज सकाळी गॅलरीतल्या उन्हात ती त्याला मांडीशी घेऊन बसते. फणीत अडकलेला कापसासारखा पुंजका मला दाखवून म्हणते, ‘‘आंघोळ नसेना का, वेणीफणी झाली हो याची!’’

आणि पारोसा मोती खुशाल स्वयंपाकघरात जातो.