बाळ सांभाळायला जाणाऱ्या बाईचा कागद कोण वाचतं?

आपल्या किनाऱ्यावरचा पोरगा दुबईला किंवा मस्कतला निघाला की सगळ्या मोहल्ल्याला खबर असते. एजंट कोण, त्याच्याकडे लायसन्स आहे का, व्हिसा कसला, पगार किती, याची चर्चा मशिदीबाहेर उभ्या उभ्या होते. कोणीतरी शिकलेला चुलता करारनामा वाचून देतो. त्याच मोहल्ल्यातली बाई मुंबईला किंवा गोव्याला दुसऱ्याचं मूल सांभाळायला जाते तेव्हा मात्र ‘बहिणीकडे गेलीय’ एवढंच सांगितलं जातं. कोणत्या एजन्सीने पाठवलं, घर कोणाचं, पगार किती ठरला, हे घरातल्या दोन माणसांपलीकडे कोणाला माहीत नसतं. माझं म्हणणं सरळ आहे. या लपवण्याचा फायदा फक्त एजन्सीला होतो, आणि हे लपवणं थांबवण्याचं काम आपल्या पिढीचं आहे.

मालवण, आचरा, देवगड या पट्ट्यातल्या नात्यातल्या आणि ओळखीच्या बायकांचे असे कागद मी गेली काही वर्षं वाचून देते. त्यामुळे हे काम कसं मिळतं ते आधी सांगते.

मुंबईत नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. सत्ताविसाव्या आठवड्यापासून बाळाला कोण घेणार, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर राहिला. मग ब्युरोला फोन जातो. मुंबईत कामाच्या बाया पुरवणाऱ्या एजन्सीला ब्युरोच म्हणतात. इकडे आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि हंगामातही छोट्या होडीवाल्याच्या हाती पूर्वीसारखं काही लागत नाही. काजूच्या कारखान्यातलं काम वर्षभर पुरत नाही. नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली किंवा आजारी माणूस घरात असलेली बाई एसटीने कुडाळला येते आणि कोकणकन्या पकडते.

ब्युरो दोन्हीकडून पैसे घेतो. घरमालकाकडून एक रक्कम, आणि बाईच्या पहिल्या पगारातून दुसरी. घरमालकाला लेखी पावती मिळते आणि ‘बाई पटली नाही तर बदलून देऊ’ अशी हमी मिळते. बाईला घर पटलं नाही तर काय, हे मी वाचलेल्या एकाही कागदावर नव्हतं. काम चोवीस तासांचं असतं, पण रात्री बाळ उठलं तर जागरण कोणाचं, आठवड्याची सुट्टी कधी, बाळाबरोबर घरातली भांडी-कपडेही करायचे का, याबद्दल एक ओळ नसते. माझ्या एका खालाने सलग सात आठवडे रात्री जागून काढले आणि परत यायचं ठरवलं. तेव्हा ब्युरोने सांगितलं, मुदतीआधी सोडलंस म्हणून राहिलेला पगार मिळणार नाही. तिचं मूळ आधार कार्डही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होतं. ते परत मिळवायला तिच्या भाच्याला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. पगार शेवटपर्यंत मिळाला नाही, कारण पगार किती ठरला होता हे दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

यात आपल्या बायकांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. ब्युरोच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. काही घरं मुसलमान बाई नको म्हणतात. मग ब्युरोवालीच सुचवते, नाव दुसरं सांग, नमाजाचं काढू नकोस. गरजू बाई ते मान्य करते. या अपमानाबद्दल आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण त्यातला व्यवहाराचा धोकाही बघा. जी बाई त्या घरात दुसऱ्याच नावाने राहिली, ती उद्या पगार बुडाला किंवा अंगावर हात टाकला गेला तर तक्रार कोणत्या नावाने करणार? नाव बदलायला सांगणाऱ्याचं काही जात नाही. बाईच्या हातचा पुरावा जातो, वर खोटं बोलल्याचा आळ येतो तो वेगळाच. म्हणून मी भेटेल तिला सांगते, घर कमी मिळाली तरी चालतील, नाव आपलंच सांग.

लपवण्याचं मुख्य कारण म्हणजे लाज. ‘आमच्या घरची बाई लोकांच्या घरी कामाला’ हे वाक्य आपल्याला सहन होत नाही. ही लाज दीनमधून आलेली नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांना तान्हेपणी सांभाळलं ते बनू साद कबिल्यातल्या हलीमा यांनी, आणि त्या कबिल्यातल्या बायका मक्केतली मुलं मोबदल्यावरच सांभाळायला नेत. त्यांचं नाव आजही आपण अदबीने घेतो. सूरह तलाकमध्ये मुलाला दूध पाजणाऱ्या आईलाही तिचा मोबदला द्या आणि आपसात नीट ठरवा असं सांगितलं आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. म्हणजे मूल सांभाळण्याचे पैसे घेणं कमीपणाचं नाही, आणि ठरलेलं लिहून मागणं हा अविश्वासही नाही. ज्यांना हे काम बाईच्या इज्जतीला धक्का वाटतं, त्यांनी तिच्या पोरांची फी कोण भरणार तेही सांगावं.

आता कायदा काय देतो ते पाहू. पोरगा परदेशी जातो तेव्हा १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते आणि त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. ब्युरो बहुतेक वेळा भिंतीवरचा गुमास्ता परवाना दाखवतो. तो दुकान चालवण्याचा परवाना आहे. बाईकडून किती पैसे घ्यायचे आणि तिला कोणाच्या घरी पाठवायचं, याचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या राज्यांतून मुली कामाला बाहेर जातात त्यांनी यावर कायदे केले. छत्तीसगडने २०१३ मध्ये केला, झारखंडने २०१६ मध्ये. दिल्लीने प्लेसमेंट एजन्सींसाठी २०१४ मध्ये आदेश काढला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा आहे. अटी आधी समजल्या पाहिजेत, ओळखपत्र कामगाराच्याच ताब्यात राहिलं पाहिजे, एजन्सीची फी तिच्या पगारातून कापू नये, हे सगळं त्यात आहे. भारताने बाजूने मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. छत्तीसगडच्या एका घरकामगार बाईवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितलं.

तोवर हातात काहीच नाही असं मात्र नाही. २०१३ च्या लैंगिक छळाविरोधी कायद्यात घरकामगार बाई स्पष्टपणे येते. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि तथ्य दिसलं तर समितीला ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावी लागते. समिती जिथे काम केलं त्या जिल्ह्याची, म्हणून घराचा पूर्ण पत्ता बाईकडे असायलाच हवा. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला त्यात नोंदणी करता येते. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये सरकारने घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांनाच. ‘बहिणीकडे गेलेली’ बाई त्या यादीत कशी असणार?

म्हणून बाई निघण्याआधी चार गोष्टी व्हायला हव्यात. एक, साध्या मराठीत एका पानावर पगार, पगाराची तारीख, कामाचे तास, सुट्टी, रात्रीची झोप आणि कामं लिहून त्यावर घरमालकाची सही. दोन, आधारची झेरॉक्स द्यायची, मूळ कार्ड नाही. तीन, पगार बाईच्याच बँक खात्यात, ब्युरोमार्फत नाही. चार, घराचा पत्ता आणि तिथल्या एका माणसाचा नंबर इकडे गावात कोणाकडे तरी. पोलिसांकडे बाईची माहिती देण्यात आली असेल तर उत्तमच, पण त्या घराची माहिती बाईच्या बाजूने कोणी घेत नाही. ते आपण घ्यायचं.

मला नेहमी एक हरकत ऐकू येते, ‘इतकं विचारलं तर काम दुसरीला जाईल.’ हे खोटं नाही. एकटी बाई दारात उभी राहून कागद मागेल तर ब्युरो तिला परत पाठवू शकतो. पण तिच्या वतीने फोनवर भाचा किंवा पुतणी बोलली, एकाच गावातल्या पाच बायकांनी तोच कागद मागितला, तर ब्युरोला बाया हव्याच असतात. शिवाय घरमालकालाही बाई टिकायला हवी असते. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा पाहून तान्हं मूल रडतं, ते आईबापांना परवडत नाही. मी दोनदा थेट घरातल्या बाईंशी फोनवर बोलले. दोघींनीही रविवारची सुट्टी लिहून दिली. ब्युरोने हे त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आपल्यातले बहुतेक दहावी-बारावीच्या पुढे शिकलेत, मोबाइलवर फॉर्म भरतात, पीडीएफ उघडून वाचतात. तीच मदत या बायकांना हवी आहे. प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोघांनी, त्यातली एक मुलगी, हे काम अंगावर घ्यावं. एकदा ओरोसला जाऊन मंडळाच्या नोंदणीची कागदपत्रं समजून घ्यावीत. आणि ब्युरोच्या नोंदणीचा, फीच्या मर्यादेचा प्रश्न आपल्या आमदारांपुढे लेखी मांडावा, मुसलमान बाईसाठीच नव्हे, तर मच्छीमार, गाबीत, भंडारी, महार अशा प्रत्येक वाडीतून जाणाऱ्या बाईसाठी. ब्युरोचा कागद सगळ्यांना सारखाच छापलेला असतो.

मेच्या अखेरीस होड्या वर ओढल्या जातील आणि शाळेचा खर्चही समोर येईल. बायका त्याच सुमाराला निघतात. त्याआधी आपल्या वाडीत कोण कोण जाणार आहे, हे न लाजता विचारून ठेवा.