बोंड फुटायच्या आतच...

2025 च्या पोळ्याला चार दिवस उरले असताना केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. सवलत 30 सप्टेंबरपर्यंतच आहे, नवा कापूस येण्याआधी ती संपेल, अशी समजूत तेव्हा घातली गेली. गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे विदर्भात सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी घरात येणार, दिवाळीच्या खर्चासाठी शेतकरी गाडी भरून जिनिंगच्या दारात उभा राहणार, नेमके तेच तीन महिने परदेशी गाठींना बिनशुल्क मोकळे झाले. भाव कधी पाडायचा हे सरकारला अचूक कळते. तो कधी मिळू द्यायचा, एवढेच कळत नाही.

शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, त्यासाठी वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी चालेल, असे पंतप्रधान 7 ऑगस्टला स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत म्हणाले. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच शुल्क उठले. किंमत मोजायची ठरली खरी, पण ती यवतमाळ-अकोल्याच्या कोरडवाहू रानात. अमेरिकेच्या 50 टक्के शुल्काने तेव्हा तिरुपूरचे कापड कारखानदार अडचणीत आले होते, हे मान्य. मग त्यांना व्याजात सवलत द्यायची, तिजोरीतून मदत करायची. पऱ्हाटीवाल्याचा खिसा कशाला कापला? उठवलेल्या 11 टक्क्यांत कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकरही होता. शेतीच्या नावाने बसवला आणि शेतकऱ्याच्याच मुळावर सोडला!

हमीभाव आहे ना, असे यावर ऐकवले जाते. 2025-26 च्या हंगामात क्विंटलमागे मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता. पण सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर भरला की गाडी माघारी फिरते आणि वाटेतला व्यापारी परदेशी गाठीचा भाव सांगून कापूस मागतो. भाव चढला तरी तेच: 2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हाही शुल्क असेच उठले होते.

दुसरीकडे शेतीतल्या ‘संधीं’वर परिषदा झडताहेत. ड्रोन, स्टार्टअप, कृत्रिम बुद्धिमत्ता. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी ठेवले. चांगले आहे. अळी कधी येणार, हे यंत्र सांगेलही. भाव कधी पडणार हे कळायला मात्र यंत्र लागत नाही, राजपत्र वाचले की पुरे. आणि तंत्रज्ञानाचा एवढा पुळका आहे, तर बियाण्याचे काय? बीटीची दुसरी पिढी 2006 ची. त्यानंतर तिच्या पुढच्या पिढीला परवानगी मिळाली नाही. गुलाबी बोंडअळीने ही दुसरी पिढीही कधीच पचवली. आपली रुई हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास अडकली आहे. उत्पादकता वाढवायला पाच वर्षांचे मिशन फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाले. आयात मोकळी करायला एक अधिसूचना पुरली. हातात जुने बियाणे देऊन ब्राझीलच्या कापसाशी शर्यत लावायची, ही कसली संधी?

दुखणे एकट्या कापसाचे नाही. तेव्हा तूर बिनशुल्क होती, पिवळा वाटाणा बिनशुल्क होता, कच्च्या खाद्यतेलाचे मूळ सीमाशुल्क मे 2025 मध्ये 20 वरून 10 टक्क्यांवर आले. सोयाबीनवाल्याने तेलबिया पिकवून देश स्वयंपूर्ण करायचा आणि तेल मात्र बाहेरून यायचे. कांदेवाल्याने तर निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य, निर्यात शुल्क असे सगळे चटके सोसले. ग्राहकाला महाग पडले की शेतकऱ्याला थांबवा, कारखानदार अडला की शेतकऱ्याला थांबवा. शेतकरी बुडाला की? तेव्हा समिती.

शेतकऱ्याच्या लेखी संधी म्हणजे चार वर्षांतून एखादे चांगल्या भावाचे वर्ष. त्यातून सावकार फिटतो, पोरीचे लग्न होते, बोअर मारता येते. तेच वर्ष सरकार दरवेळी हिरावून घेते. त्या दसऱ्याआधीच कापूस आयातीची ही अधिसूचना मागे घ्यायला हवी होती. तेवढे जमत नव्हते, तर संधींवरची भाषणे तरी 31 डिसेंबरपर्यंत बंद ठेवायची होती.