छायाचित्रकाराची साक्ष

१९७१चे बांगलादेश युद्ध आपल्या मनात १६ डिसेंबरच्या शरणागतीपाशी संपते. किशोर पारेख मात्र, कोणत्याही वृत्तपत्राने पाठविले नसताना, कॅमेरा घेऊन तेथे गेले. त्यांनी टिपलेली प्रेते आणि होरपळलेली माणसे १९७२ साली ‘बांगलादेश: अ ब्रुटल बर्थ’ या पुस्तकात आली.

‘मरणाऱ्याला हात द्यायचा की फोटो काढायचा?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ही साक्ष नसती, तर मृतांचा केवळ आकडा उरला असता. माझ्या निरक्षर आजीला आकडा वाचता येत नाही. रडणाऱ्या आईचा चेहरा तिलाही वाचता येतो.

म्हणून विजयदिनी भाषणांबरोबर अशी छायाचित्रेही बीडच्या महाविद्यालयांत लागावीत. विजयाला टाळी देणाऱ्याने त्याची किंमतही पाहिली पाहिजे.